शिकाऊ हाताच्या चुकीच्या फटक्यांनी गोल्फचा क्लब खराब होतो का? आधी हे तपासा

माझ्या पडवीत क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅग टेकवून दुरुस्तीला आलेला माणूस पहिलं वाक्य बोलतो ते बहुतेक वेळा एकच असतं: "माझे फटके फार चुकतात, त्यानेच हा खराब झाला असणार." पुढची तक्रार मग यातली एखादी असते.

- क्लब हलवला की आतून खुळखुळ आवाज येतो.
- फटका बसताना बारीक 'टक्' असं वाजतं, पूर्वी वाजत नव्हतं.
- डोकं आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, जिथे जुळतात तिथली काळी प्लास्टिकची कडी, म्हणजे फेरूल, वर सरकली आहे. खाली नखाएवढी फट दिसते.
- डोकं किंचित फिरल्यासारखं वाटतं.
- आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या, तळाला, म्हणजे सोलला, खड्डे आणि ओरखडे आहेत. ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फटक्याच्या मोठ्या डोक्याच्या क्लबच्या, टाळूवर पांढरे डाग पडलेत.
- ग्रिप, म्हणजे मुठीचं रबर, हातात फिरते.
- एकाच क्लबने चेंडू सारखा एका बाजूला जातो, बाकीच्या क्लबांनी नाही.
- ड्रायव्हरचा आवाज बद्द झाला आहे.
- शाफ्टवर किंवा फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, तांबूस ठिपके आलेत.

मी रत्नागिरीजवळ राहतो. मिरकरवाड्याच्या होड्यांच्या फायबरकामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे रेझिन, हार्डनर, पॉलिश पेपर या गोष्टी हाताच्या ओळखीच्या. भाच्याचा एक क्लब जोडून दिला आणि तिथून हे काम मागे लागलं. येणाऱ्यांत मुंबईहून सुट्टीला आलेले असतात, खारघरला सिडकोच्या मैदानावर नुकतं शिकायला लागलेले असतात आणि निवृत्तीनंतर गावी घर बांधून आवाठात, म्हणजे घराभोवतालच्या जागेत, चेंडू मारणारेही असतात. बहुतेकांचे सेट जुने, दुसऱ्या हातातून घेतलेले. आणि बिघाड फिरून फिरून तेच.

आधी उत्तर सांगतो, कारण ते ऐकल्यावर लोकांचे खांदे खाली येतात. चेंडूवर बसलेला चुकीचा फटका क्लबला क्वचितच इजा करतो. गोल्फच्या चेंडूचं वजन नियमानुसार 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. सात नंबरच्या आयर्नचं डोकं याच्या पाचपट तरी भरतं. चेंडू फेसला चिकटलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ, आणि तेवढ्यात दबतो तो चेंडू, स्टील नाही. टॉप झाला, म्हणजे क्लब चेंडूच्या माथ्याला लागला, टोकाला लागला, होझलवर, म्हणजे शाफ्ट बसतो त्या डोक्याच्या नळीवर, बसून उजवीकडे झाडीत गेला, तरी बिचाऱ्या चेंडूलाच ओरखडा येतो.

इजा होते ती चेंडूच्या खालच्या वस्तूने. आणि कोकणात चेंडूच्या खाली जांभा असतो. दुसरा शत्रू खारा वारा, तिसरा उन्हात तापलेली गाडीची डिकी. माझ्याकडच्या बहुतेक दुरुस्त्यांचं मूळ या तिघांतच निघतं. म्हणून खालचा क्रम. सगळ्यात सोपं आणि फुकटचं आधी, अवघड आणि खर्चाचं शेवटी. मधल्या पायऱ्या गाळू नका.

पहिलं: धुवा, पुसा, मग बघा

बादलीत कोमट पाणी, भांड्यांचा साबण चार थेंब, जुना टूथब्रश. आयर्नचं डोकं तेवढं बुडवा, खाचा ब्रशने साफ करा, फडक्याने कोरडं करा आणि खिडकीपाशी उजेडात न्या. होझलच्या वर, फेरूलपर्यंत पाणी चढू देऊ नका. ड्रायव्हर आणि फेअरवे वूड, म्हणजे ड्रायव्हरसारखाच पण लहान डोक्याचा क्लब, बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे.

ही पायरी का? 'तडा गेलाय' म्हणून आलेल्या क्लबांतले कितीतरी इथेच बरे होतात. तांबड्या मातीची रेष खाचेत वाळली की हुबेहूब तड्यासारखी दिसते. ड्रायव्हरच्या टाळूवरचा पांढरा डाग हा पुष्कळदा चेंडूचा रंग असतो. नखाने खरवडून निघाला तर रंग, नाही निघाला तर ओरखडा. ओरखडा म्हणजे बिघाड नव्हे. टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, उंच ठेवून खालून फटका गेला की चेंडू टाळूवर आदळतो आणि तिथला रंग जातो. दिसायला वाईट, पण क्लबच्या कामाला धक्का लागत नाही. टी थोडी खाली घ्या, साधारण अर्धा चेंडू टाळूच्या वर दिसेल इतपत. शिकत आहात तोवर टाळूच्या पुढच्या कडेला मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवली तर रंगही वाचतो.

एक कळकळीची सूचना. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलांनी, नाहीतर चिंचेने घासतात, आणि तोच हात क्लबवर चालवणारे मी पाहिले आहेत. करू नका. क्रोम जिथे टवकलेलं असतं तिथून आंबट पाणी आतल्या लोखंडात शिरतं आणि महिन्याभरात ठिपक्याचा डाग होतो. तारेची घासणीही नको.

दुसरं: ग्रिप

उजव्या हाताने ग्रिप धरा, डाव्या हाताने शाफ्ट, आणि चिंधी पिळावी तसं पिळा. ग्रिप सरकली, तर 'डोकं फिरलंय' ही तक्रार इथेच संपली. आपल्या दमट हवेत घाम, सनस्क्रीन आणि खार यांचा थर ग्रिपवर बसतो, ती काचेसारखी गुळगुळीत होते. हातातून क्लब फिरतो आणि माणूस समजतो डोकं हललं. मग तो अधिक आवळून धरतो, फटका आणखी बिघडतो, आणि दोष पुन्हा क्लबला.

साबणाच्या पाण्याने ग्रिप घासून सावलीत वाळवा. तरीही चिकट न वाटता गुळगुळीत वाटली, भेगा दिसल्या, अंगठ्याखाली खळगा पडला असला, तर बदला. जुनी ग्रिप आकडी पात्याने कापायची, पण पातं नेहमी आपल्यापासून दूर जाणारं. शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर पातं आत रुतू देऊ नका, वरच्या वर सोला. मग दोन्हीकडून चिकट टेप, त्यावर ग्रिपचं सॉल्व्हंट, नवी ग्रिप एका दमात सरकवायची. पेट्रोल वापरू नका, घरात तर नाहीच. ग्रिप घेताना शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यास बघून घ्या. 0.580 आणि 0.600 इंच असे दोन आकार सर्रास मिळतात. चुकीचा आकार घेतला तर ती नवी असूनही जाड किंवा सैल वाटेल.

तिसरं: खुळखुळ नेमकी कुठे

क्लब कानाजवळ धरून हलवा. मग उलटा करा, पुन्हा हलवा. आवाज डोक्यातून येतो की शाफ्टमधून, हे आधी ठरवा, कारण दोन्हीचा अर्थ वेगळा.

शाफ्टमधून वाजत असेल आणि शाफ्ट स्टीलचा असेल, तर आत वाळलेल्या इपॉक्सीचा, म्हणजे डोकं चिकटवणाऱ्या गोंदाचा, खडा सुटलेला असतो, नाहीतर गंजाची पापडी. ग्रिपच्या टोकाला एक बारीक भोक असतं. क्लब त्या बाजूने खाली धरून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. तपकिरी पूड पडली तर गंज आतून आहे. पूड नसून नुसता खडखडाट असेल तर खडा. खडा त्रासदायक असतो, धोकादायक नसतो.

ड्रायव्हरच्या डोक्यातून वाजत असेल, तर आधी त्याचे स्क्रू बघा. हल्लीच्या ड्रायव्हरला कोन बदलण्याचा स्क्रू आणि वजनाचे स्क्रू असतात. त्यांच्यासोबत मिळणारा खास पाना 'टिक' असा आवाज देईपर्यंतच फिरवायचा. तो आवाजच पुरेसा आवळल्याची खूण आहे. घरातल्या साध्या ॲलन कीने अंगाचं बळ लावलं तर आतला आटा जातो, आणि फुकटची दुरुस्ती महागाची होते. जुन्या सेटसोबत पाना मिळाला नसेल तर तो वेगळा विकत घ्या.

चौथं: फेरूल आणि डोकं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरा धोका इथे आहे.

फेरूल ही तशी शोभेची कडी. ग्रॅफाइट शाफ्टला होझलची धार लागू नये एवढं कामही ती करते, पण डोकं तिने धरलेलं नसतं. डोकं धरतं ते इपॉक्सी. शाफ्ट होझलच्या आत गेलेला असतो जेमतेम इंच-सव्वा इंच, आणि तेवढ्या पृष्ठभागावरच्या गोंदाच्या पातळ थरावर सगळा भार. तो थर नीट असेल तर तुमच्या कितीही चुकलेल्या फटक्यांना पुरून उरतो. तो सुटला तर एक दिवस डोकं पाव किलो वजनाच्या दगडासारखं हातातून सुटून जाईल. समोर कोण उभं आहे ते तेव्हा बघता येत नाही.

भाचा गेल्या मे महिन्यात आला तेव्हा त्याच्या सात नंबरच्या आयर्नचं फेरूल वर सरकलेलं होतं. "मामा, जमिनीत मारून मारून मीच सैल केला," म्हणाला. मी भिंग लावून बघितलं. फटीत पांढरट करडी भुकटी होती, अगदी चाळलेल्या राखेसारखी. ती इपॉक्सीची भुकटी. डोकं काढलं तेव्हा गोंद खवल्याखवल्याने शाफ्टवरून सुटून आला, एका बाजूला तर शाफ्टच्या टोकावर पॉलिश पेपर कधी लागलेलाच नव्हता, क्रोमची चमक तशीच. चकचकीत क्रोमवर गोंद धरत नाही. कोणीतरी आधी घाईने जोडलेला क्लब त्याला विकला गेला होता. त्यात भर म्हणजे बॅग आठवडाभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते, म्हणून तर डोकं काढताना आम्ही होझल तापवतो. मे महिन्यात डिकी तेच काम थोडं थोडं करत राहते. भाच्याच्या फटक्यांनी फक्त शेवटचा धक्का दिला.

तपासणी अशी करा. शाफ्टवर, फेरूलच्या वरच्या कडेला लागून, पेन्सिलीने बारीक रेघ मारा किंवा टेपची पट्टी गुंडाळा. दुसरी खूण शाफ्ट, फेरूल आणि होझल तिन्हींवरून जाईल अशी उभी. मोकळ्या जागी, आसपास कोणी नसताना, डोकं दोन्ही मांड्यांत फडक्यात धरून शाफ्ट बेताने पिळून बघा. उभी खूण तुटली, म्हणजे वरची रेघ खालच्या रेघेपासून सरकली, तर तो क्लब त्याच क्षणी बाजूला ठेवा. 'अजून दोन चेंडू मारून बघतो' असं करू नका. काही हललं नाही, तर वीस चेंडू हळू मारा आणि रेघा पुन्हा बघा. फक्त फेरूल वर गेलं आणि डोकं जागेवर, तर फेरूल खाली दाबून गोंदाचा थेंब पुरतो. डोकंही खाली उतरत असेल तर ते पूर्ण काढून जोडायचं काम आहे.

स्टीलचा शाफ्ट असेल आणि हाताला सवय असेल तर हे घरी जमतं. होझल हीट गनने तापवायचं, जाड हातमोज्याने डोकं पिळून काढायचं, होझल आतून गोल तारेच्या ब्रशने साफ करायचं, शाफ्टचं टोक पॉलिश पेपरने खरखरीत करायचं, स्पिरिटने पुसायचं. उघड्यावर करा, जळक्या इपॉक्सीचा धूर घशाला लागतो. आपल्याकडची एक अडचण पुस्तकात नसते. घासलेल्या उघड्या स्टीलवर दमट हवेत गंजाची अदृश्य साय धरायला वेळ लागत नाही. सकाळी घासून संध्याकाळी जोडू म्हटलं की जोड कच्चा. घासलं की लगेच जोडा. पावसाळ्यात तर मी हे काम करतच नाही, फारच गरज पडली तर पंखा आणि बल्ब लावून. गोंद शाफ्टसाठीची दोन भागांची इपॉक्सी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. पाच मिनिटांत वाळणारे, थेंबाने चिकटणारे गोंद कडक होतात पण ठिसूळ राहतात, धक्क्याला तुकडा उडतो.

शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर इथे थांबा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवलेले. जास्त उष्णता लागली की ते रेझिनच जळतं, आणि पिळलं की धागे सुटतात. तो सरळ ओढून काढायला वेगळं यंत्र लागतं. फायबरमध्ये इतकी वर्षं काढूनही मी ग्रॅफाइटचा शाफ्ट डोक्यातून काढत नाही, पाठवून देतो.

पाचवं: फटका लागतो कुठे आणि जमीन कशी आहे

फेसवर टाल्कम पावडर चोळा, किंवा व्हाइटबोर्डच्या मार्करने रंगवा. पाच चेंडू मारा. खुणा कुठे उमटल्या ते बघा. होझलजवळ, टोकाला, खालच्या धारेवर, जिथे असतील तिथे. यातल्या कुठल्याही जागेने क्लब मोडत नाही. हाताला झिणझिण्या येतात एवढंच. खुणा बघायच्या त्या तुमच्या मनातली भीती जावी म्हणून, आणि शिकवणाऱ्याला दाखवायला.

मग क्लब उलटा करून सोल बघा. हिरवळीत किंवा मऊ मातीत फॅट फटका, म्हणजे चेंडूच्या आधी जमिनीला लागणारा, बसला, मातीचं ढेकूळ उडालं, तर काही बिघडत नाही. आयर्न त्यासाठीच घडवलेलं असतं. पण सोलवर बाजरीच्या दाण्याएवढे टोकदार खड्डे असतील, तर तुम्ही जांभ्यावर मारत आहात. चिऱ्याचा जांभा खाणीतून काढताना मऊ लागतो, करवतीने कापतात, पण हवेवर राहून कडक होतो, आणि सड्यावरचा कातळ तर वर्षानुवर्षं उन्हापावसात उघडा. त्यातले लोखंडी खडे स्टीलला ओरबाडतात. आवाठातली तांबडी माती दिवाळीपर्यंत मऊ असते, फेब्रुवारीनंतर तिच्याखालचा दगड वर आल्यासारखा वाटतो. जागा तीच, फटका तोच, पण फाल्गुनात क्लबला मार जास्त.

कापणीनंतरच्या भाताच्या मळ्यात माती खोल असते, तिथे सराव करा. आधी पायाने तुडवून, काठीने टोचून दगड तपासा, धसकटं काढा. शेतमालकाची परवानगी आणि गुरं-माणसं लांब, हे सांगायला नको.

अंगणातल्या सिमेंटवर चटई टाकून मारणाऱ्यांना मी नेहमी हटकतो. चटईवर क्लब आधी टेकला तरी घसरून चेंडूपर्यंत जातो, फटका बरा वाटतो आणि चूक कळतच नाही. पण खालच्या सिमेंटचा धक्का होझलला, गोंदाला आणि तुमच्या कोपराला रोज बसतो. काथ्याची दोन जाड पायपुसणी किंवा जुन्या गादीचा फोम खाली घातला तर फरक पडतो. कोपराच्या आत किंवा बाहेरच्या बाजूला दुखणं राहिलं तर क्लब नाही, डॉक्टर बघा.

पुळणीवर मारणाऱ्यांसाठी: वाळू क्लबला मोडत नाही, पण शिंपल्यांचे तुकडे फेसला घासतात आणि मिठाचं पाणी खाचांत राहतं. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा. उद्यावर टाकलंत तर ठिपके आलेच. समुद्रात चेंडू मारू नका. आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात तेव्हा पुळणीवर जाऊच नका.

सहावं: शाफ्ट

स्टीलचा शाफ्ट स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, डोकं कडेबाहेर लोंबतं ठेवून, बोटांनी हळू गोल फिरवा. वरून खाली निमुळता आणि पायऱ्यापायऱ्यांचा असल्याने थोडा वर-खाली दिसेल, ते सोडा. एका डोळ्याने ग्रिपकडून डोक्याकडे बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. एका जागी कोपरा झालेला दिसला तर तो वाकलेला. माडाच्या बुंध्याला, खांबाला, दुसऱ्या क्लबला लागला की असं होतं. चेंडूने कधीच होत नाही. वाकलेला स्टीलचा शाफ्ट गुडघ्यावर सरळ करतात, तो सरळ दिसतोही, पण त्या जागी नळी चेपलेली असते आणि पुढे तिथेच मोडते. मोडलेलं टोक सुरीसारखं असतं. बदला.

ग्रॅफाइटचं वेगळं. कापसाचा बोळा किंवा आईची जुनी नायलॉनची साडी शाफ्टवरून दोन्ही दिशांनी फिरवा. धागा अडकला तिथे कार्बनचा तंतू उठलाय. बॅगेच्या तोंडाशी घासून तिथला रंग गेलेला असतो, तेही बघा. मग कानाजवळ धरून अगदी हलकं वाकवा. करकर आवाज आला तर आत तडा आहे. होझलच्या लगेच वर इंचभर जास्त लक्ष द्या, चेंडूऐवजी दगडावर किंवा मुळावर बसलेला फटका तिथे उमटतो. तंतू उठलेला किंवा करकरणारा ग्रॅफाइट शाफ्ट चिकटवून चालत नाही.

रागाने आपटलेले क्लबही येतात, लोक सांगत नाहीत पण वाकण्याची जागा सांगते. 2023 पासूनच्या नियमांत, खेळताना खराब झालेला क्लब बदलायला परवानगी आहे. स्वतः आपटून खराब केलेल्याला नाही.

सातवं: ड्रायव्हरचा फेस

नव्या माणसाच्या हातून फेस फुटणं दुर्मीळ. पण सेट जुना असेल तर आधीच्या मालकाची सगळी वर्षं त्या पातळ धातूवर मोजलेली असतात. आवाज आधी सांगतो. टणत्कार जाऊन फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. फेसवर पावडर चोळा, पुसून टाका, मोबाइलचा उजेड आडवा धरा. तडा असेल तर पावडर त्यात अडकून पांढरी रेघ राहील. खाचेच्या रेघेशी गल्लत करू नका, तडा खाच ओलांडून वाकडा जातो. फेसच्या कडेला, टाळूशी जोडतो तिथे जास्त बघा. सापडला तर तो ड्रायव्हर संपला. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका.

आठवं: एकच क्लब एका बाजूला मारतो

होझलचा कोन हलला असेल अशी शंका इथे येते. चेंडूवर जाड मार्करने उभी रेघ मारा, रेघ फेसकडे करून चेंडू ठेवा, मारा. रेघ फेसवर छापली जाईल. खाचांना काटकोनात छापली तर कोन बरोबर. तिरकी आली तर घाईने निष्कर्ष काढू नका. शिकाऊ माणसाचे हात फटक्याच्या वेळी वर किंवा खाली येतात, त्यानेही रेघ तिरकी येते. म्हणून हीच चाचणी शेजारच्या दोन क्लबांवर, म्हणजे शंका सातवर असेल तर सहा आणि आठ नंबरवर, पुन्हा करा. तिन्हींवर तिरकी असेल तर ते तुमचं उभं राहणं आहे, किंवा सेट तुमच्या उंचीचा नाही. फक्त सातवर तिरकी असेल तर क्लब वाकलाय. मोजून सरळ करायला यंत्र लागतं. फोर्ज केलेलं, म्हणजे ठोकून घडवलेलं, आयर्न बेताने वाकतं, ओतीव डोकं तेवढं ऐकत नाही आणि होझलपाशी तुटू शकतं. वाइसमध्ये धरून पाइपाने वाकवू नका. मी स्वतः हे काम घेत नाही.

खारा वारा

गंज हा फटक्यांनी येत नाही, पण फटक्यांच्या ओरखड्यातून आत शिरतो, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे ही देखभाल इथे बिघाडाइतकीच महत्त्वाची. बॅग पडवीत ठेवू नका, माजघरात ठेवा. भिजलेले हेडकव्हर काढून वाळवा, बंद ओल्या कव्हरात एका रात्रीत ठिपका येतो. टवकलेल्या जागी मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या आणि खेळण्याआधी पुसा. पावसाळ्याचे चार महिने बॅगेची चेन उघडी, आत सिलिका जेलच्या पुड्या. हलका गंज मऊ फडक्यावर तेल घेऊन निघतो. शाफ्टवर खड्डा पडेपर्यंत खाल्लेला असेल, नख अडकत असेल, तर तो शाफ्ट बदलायचा, घासून पातळ करायचा नाही.

कुठे थांबायचं

डोकं खुणेवरून हललं, ग्रॅफाइट करकरला, स्टीलला कोपरा आला, फेसला किंवा होझलला तडा दिसला, तर त्या क्लबने एकही चेंडू नाही. कोन सरळ करणं आणि ग्रॅफाइट काढणं हे क्लबफिटरचंच, म्हणजे क्लब मापाने जुळवून देणाऱ्या कारागिराचंच, काम. मुंबई-पुण्याकडे असे लोक आहेत, मोठ्या गोल्फ मैदानांवरच्या दुकानात विचारलंत तर पत्ता मिळतो. नेण्याआधी एक हिशेब करा. जुन्या सेटमधला एक आयर्न दुरुस्त करण्याचा खर्च तसाच दुसरा जुना आयर्न घेण्यापेक्षा जास्त येत असेल, तर दुरुस्ती करू नका. नियमात चौदा क्लब चालतात म्हणून चौदा लागत नाहीत, शिकायला सहा-सात पुरे. सात नंबर बाजूला ठेवावा लागला तर तेवढ्या दिवसांत सहा नंबरने मारा.

फिटरकडे एकटा मोडका क्लब नेऊ नका, त्याच्या शेजारचे दोन चांगले क्लबही न्या. कोन, लांबी आणि वजन त्यांच्याशी जुळवूनच तो काम करील. टेपवरच्या खुणा पुसू नका, पावडरचे फोटो काढून ठेवा, आणि आधी कोणी गोंद लावला असेल, तुम्ही स्वतः लावला असेल तरी, ते सांगा. कुठला गोंद आत आहे हे कळलं तर तो किती तापवायचं ते आधीच ठरवू शकतो.